जुना राउटर घरी आणताना

वडोदऱ्याचे मकरपुरा, बेळगावची उद्यमबाग, इंदूरचा सांवेर रोड, हैदराबादचे बालानगर या औद्योगिक भागांत ज्यांचे जाणेयेणे आहे, त्यांच्या कानांवर अधूनमधून एक बातमी येते. पाट्या करणाऱ्या कोणा व्यावसायिकाने मोठे यंत्र घेतले किंवा फर्निचरचा एखादा लहान कारखाना बंद पडला, आणि त्याचा लाकूड कोरणारा छोटा सी.एन.सी. राउटर विकाऊ आहे. नव्याच्या मानाने किंमत बरीच उतरलेली असते. निवृत्तीला आलेले गृहस्थ, स्वतःचे काही करू पाहणारा मुलगा आणि घर सांभाळून उद्योग करावा म्हणणारी सून, अशा तिघांनी मिळून ते यंत्र घरी आणावे, हा विचार आपल्या घरांतून आता नवलाचा राहिलेला नाही. देवनागरी अक्षरांतील नावाच्या पाट्या, देवघरांच्या जाळ्या, चौरंग आणि विशेषतः गणपतीची मखरे ही कामे डोळ्यांसमोर असतात. महाराष्ट्रात २०१८ साली थर्माकोलवर बंदी आल्यानंतर प्लायवूड आणि एम.डी.एफ.च्या, सुट्या करून माळ्यावर ठेवता येणाऱ्या मखरांकडे लोकांचे लक्ष वळले, आणि परप्रांतांतील मराठी घरांनाही तशी मखरे हवीशी वाटतात.

यंत्र येते, हळदकुंकू वाहिले जाते, नारळ फुटतो. आणि पहिलेच वर्तुळ कापले की ते अंड्यासारखे निघते. मग महिनाभर संगणकासमोर बसून आकड्यांशी झटापट चालते, घरात कुरबुर सुरू होते, आणि शेवटी यंत्रावर जुनी चादर पडते. साठवलेली रक्कम अशी गोठून पडलेली पाहिली की वाईट वाटते. त्यातही अधिक वाईट हे, की पुष्कळदा यंत्र चांगले असते आणि दोष मात्र भलत्याच जागी शोधला गेलेला असतो.

दोष कोठे शोधावा हे कळण्यासाठी यंत्राची रीत थोडी समजून घेतली पाहिजे. १९५२ साली अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत आकड्यांच्या हुकमावर चालणारे मिलिंग यंत्र प्रथम दाखविण्यात आले. त्यामागे हेलिकॉप्टरची पाती अचूक करण्याच्या खटाटोपात असलेल्या जॉन पार्सन्स यांची कल्पना होती. हुकूम कागदी फितीवर भोके पाडून दिले जात, आणि अक्ष कोठवर पोचला हे उलट कळविण्याची सोय त्या यंत्रात होती. आपल्या घरगुती राउटरमध्ये काटकसरीसाठी नेमकी हीच सोय बहुधा वगळलेली असते. संगणक हुकूम सोडतो. त्याची तामिली झाली की नाही, हे तो विचारीत नाही.

हुकूम जातो तो स्टेपर मोटरकडे. ही मोटर एका फेऱ्यात २०० पावले टाकते. तिला चालविणारा ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे आठ भाग पाडत असेल, तर एका फेऱ्याला १,६०० स्पंद लागतात. मोटरला जोडलेला बॉल स्क्रू एका फेऱ्यात ५ मिलिमीटर सरकवीत असेल, तर १ मिलिमीटरला ३२० स्पंद झाले. हा ३२० चा आकडा लक्षात असू द्यावा. तो मापून काढलेला नाही, यंत्राच्या घडणीतूनच आलेला आहे; आणि मळसूत्राचे आटे काही एका रात्रीत बदलत नाहीत.

आता आणण्याविषयी. पैसे मोजण्यापूर्वी यंत्र विक्रेत्याच्या जागीच चालवून पाहावे, हे सांगणे नकोच. मात्र ते पाहताना डोळ्यांपेक्षा हातांवर भरवसा ठेवावा. वीज बंद करून आडवा पूल हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवावा. मध्येच एका जागी जड लागला, तर तेथे स्क्रू वाकलेला किंवा गंजलेला असण्याचा संभव असतो. स्पिंडल बोटांनी फिरवावा. तो मुलायम फिरला पाहिजे. आत वाळू असल्यासारखी खरखर जाणवली, तर बेअरिंग गेले असे समजून त्याचा खर्च किमतीतून वजा करावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, यंत्राबरोबरचा जुना संगणक आहे तसा मागून घ्यावा. जुन्या यंत्रांवर पुष्कळदा मॅक३ हा कार्यक्रम असतो, आणि समांतर पोर्टमधून चालणारी त्याची जुनी व्यवस्था ६४ बिटांच्या विंडोजवर चालत नाही. संगणक कितीही कळकट दिसो, त्यातील जुळवणीच्या फाइलीची नक्कल वेगळ्या पेन ड्राइव्हवर करून घ्यावी, त्याला इंटरनेट जोडू नये, आणि घरातील मुलांना त्यावर खेळ खेळू देऊ नयेत.

वाहतुकीत पुलाला धरून यंत्र उचलण्याचा मोह हमालांना हटकून होतो. खालच्या चौकटीलाच दोर लावावेत, आणि स्पिंडलच्या खाली लाकडाचा ठोकळा बांधून द्यावा.

घरी जागा निवडताना तळमजला, पक्की फरशी आणि बंद होणारे दार या तीन गोष्टी पाहाव्यात. गॅलरीत किंवा स्वयंपाकघराशेजारी हे यंत्र ठेवू नये. त्याचा आवाज शेजाऱ्यांच्या दुपारच्या झोपेवर येतो. पण खरी भीती धुळीची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात लाकडाच्या धुळीची गणना माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांत केली आहे. एम.डी.एफ.च्या चिकट द्रव्यातील फॉर्माल्डिहाइडलाही २००४ साली त्याच वर्गात घातले गेले. ही धूळ पिठाहून बारीक असते आणि तासन्‌तास हवेत तरंगते. म्हणून बिटाच्या तोंडाशीच ती ओढून घेणारा पंप, तोंडावर नाकपुड्यांशी घट्ट बसणारा मास्क, आणि झाडूऐवजी ओले फडके, एवढे तरी हवेच. घरात दम्याचे माणूस किंवा तान्हे मूल असेल, तर यंत्र घराबाहेरच्या शेडमध्येच असावे. यात तडजोड नको.

विजेकडे फार जण दुर्लक्ष करतात. २.२ किलोवॅटचा स्पिंडल २३० व्होल्टवर सहज १० अँपियर किंवा त्याहून अधिक ओढतो. त्याला १६ अँपियरचा स्वतंत्र पॉइंट हवा आणि अर्थिंग खरोखरचे हवे. भोक तीन आहेत म्हणून अर्थिंग आहे असे होत नाही. ते वायरमनकडून मोजून घ्यावे. स्पिंडलला वीज पुरविणारी पेटी, जिला व्ही.एफ.डी. म्हणतात, ती एका फेजपासून तीन फेज तयार करते आणि वारंवारता बदलून वेग बदलते. या जातीचा स्पिंडल बहुधा ४०० हर्ट्झला मिनिटास २४,००० फेरे घेतो. कोणी उत्साहाने ती पेटी मूळ जुळवणीवर आणून ठेवली, तर पुष्कळदा ती समोर ५० हर्ट्झची साधी मोटर आहे असे गृहीत धरते, आणि स्पिंडल थोड्याच वेळात जळू शकतो. म्हणून यंत्र चालू स्थितीत असतानाच त्या पेटीतील सर्व आकडे वहीत उतरवून ठेवावेत. वीज बंद केल्यावरही पेटीच्या पोटात काही मिनिटे जीवघेणा दाब शिल्लक असतो. झाकण लगेच उघडू नये. मोटरची वायर ड्रायव्हर चालू असताना कधीही काढू नये; त्याने ड्रायव्हर तत्काळ निकामी होऊ शकतो. घरातील गळतीरक्षक स्विच, म्हणजे आर.सी.सी.बी., या पेटीमुळे अधूनमधून पडतो, तेव्हा तोच काढून टाकण्याचा सल्ला देणारे भेटतात. त्यांना चहा पाजून परत पाठवावे.

यंत्र बसविताना पहिली परीक्षा चौकटीची. चारही पाय टेकले म्हणजे चौकट सपाट झाली असे नव्हे. तिला पीळ असू शकतो. समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दोन दोरे ताणून कर्णांसारखे बांधावेत. मध्ये ते एकमेकांना जेमतेम स्पर्श करतील तर ठीक. नंतर वरचा दोरा खाली आणि खालचा वर घेऊन पुन्हा पाहावे. दोऱ्यांत अंतर पडले किंवा एकाने दुसऱ्याला दाबले, तर पायांखाली पत्र्याच्या चकत्या घालून पीळ काढावा. दुसरी परीक्षा काटकोनाची. फळीवर यंत्राकडूनच एक टिंब टोचावे, तेथून एक्स अक्षावर ३०० आणि वाय अक्षावर ४०० मिलिमीटरवर आणखी दोन टोचावीत, आणि शेवटच्या दोहोंतील अंतर मोजावे. ते ५०० भरले पाहिजे. गुण्या वापरणाऱ्या प्रत्येक सुताराला हा हिशेब तोंडपाठ असतो.

एवढे झाल्यावर खरी कथा सुरू होते. वडोदऱ्यातील एका मराठी कुटुंबाने असाच ६०० बाय ९०० मिलिमीटरचा राउटर घेतला होता. मखरांच्या फळ्या एकमेकींत अडकवायच्या, म्हणून खाचा आणि जिभा नेमक्या मापाच्या हव्या होत्या. त्या बसेनात. ३०० मिलिमीटरचा हुकूम दिला की वाय अक्षावर २९९.६ भरत. कोणी जाणकाराने सुचविले, ३२० च्या जागी ३२०.४३ घाला. गणित बरोबर होते. ३०० चे माप तंतोतंत आले आणि घरात आनंद झाला. पण दुसऱ्या दिवशी १०० मिलिमीटरची खाच ९९.७३ भरली, आणि ६०० ची फळी ६००.४ निघाली. पुन्हा आकडा बदलला, पुन्हा काहीतरी बिघडले. ऑर्डरी घेतलेल्या, गणपती जवळ आलेला, आणि प्लायवूडचे ताव वाया जात होते.

शेवटी शेजारचे एक निवृत्त टर्नर काका पाहायला आले. ते संगणकाजवळ गेलेच नाहीत. "वहिनी, आकडा होता तो परत घाला, आणि मला १००, ३०० आणि ६०० अशी तीन मापे काढून द्या," एवढेच म्हणाले. प्रत्येक मापाच्या आधी पूल उलट दिशेने सरकवून आणायलाही त्यांनी सांगितले. तिन्ही मापांत तूट सारखीच आली, ०.४ मिलिमीटर. काकांना तेवढे पुरे होते.

या तीन मापांत निदानाची किल्ली आहे. चूक लांबीच्या प्रमाणात वाढत गेली, म्हणजे १०० ला एक आणि ६०० ला सहापट, तर स्पंदांचा आकडा चुकलेला असतो. चूक प्रत्येक मापात तेवढीच राहिली, तर कोठेतरी प्ले आहे. म्हणजे दिशा बदलताना मोटर थोडी फिरते आणि पूल जागचा हलत नाही. आणि चूक दर वेळी निराळी आली, तर काहीतरी घसरत आहे किंवा स्पंद वाटेत हरवत आहेत. कापलेले वर्तुळही हेच सांगते. प्ले एकाच अक्षात असेल, तर त्या अक्षाची दिशा बदलते त्या दोन बाजूंना वर्तुळ चपटे होते किंवा तेथे बारीक पायरी पडते. आकडा चुकला असेल, तर वर्तुळ अक्षाच्या रेषेत लांबट होते. ते तिरपे लांबट झाले, तर चौकटीचा काटकोन गेला आहे. एवढे जाणणाऱ्या माणसाला वर्तुळ हाती घेतल्यावर निम्मे निदान बसल्या जागी करता येते.

काकांनी पुलाला डायल गेज लावला, मोटरींना वीज देऊन त्या जागच्या जागी घट्ट केल्या, स्पिंडल बंद ठेवला आणि पूल हाताने पुढे-मागे ढकलला. काटा ०.४ ने हलला. मग गेज स्क्रूच्या टोकाला लावला, तर स्क्रूच अंगासरशी पुढे-मागे होत होता. ज्या टोकाला बेअरिंगच्या ठोकळ्यात तो पकडलेला असतो, तेथील नट सैल झाला होता. बहुधा वाहतुकीतील हादऱ्यांनी. नट आवळला, त्याचा लहान स्क्रू घट्ट केला, आणि तूट ०.०३ वर आली. लाकडाच्या कामाला तेवढी क्षम्य आहे.

या कुटुंबाचे दुर्दैव असे, की दोष एक नव्हता, दोन होते. मापे जुळली, पण लांब काम चालू असता यंत्र मध्येच थांबे आणि पडद्यावर सीमास्विच दाबला गेल्याचा संदेश येई, जरी पूल सीमेपासून हातभर दूर असे. येथे काकांनी दुसरी एक रीत वापरली, जी प्रत्येक घरगुती यंत्रधारकाने अंगी बाणवावी. तेच काम तीनदा चालवायचे. प्रथम हवेत, स्पिंडल बंद ठेवून. नंतर हवेतच, स्पिंडल चालू करून. आणि शेवटी लाकडात. प्रत्येक वेळी यंत्र आरंभाच्या टिंबावर परत येते का, हे पाहायचे. पहिल्याच फेरीत चुकले, तर दोष यांत्रिक आहे, किंवा वेगवाढीचा आकडा मोटरला झेपत नाही. दुसऱ्या फेरीत चुकले, तर स्पिंडलच्या विजेचा गोंगाट संदेशांच्या तारांत शिरत आहे. फक्त लाकडात चुकले, तर कापण्याचा भार जास्त आहे. या यंत्राने पहिली फेरी निर्दोष पार पाडली आणि स्पिंडल चालू होताच दुसरीत माती खाल्ली. स्पिंडलची केबल आणि सीमास्विचांच्या तारा एकाच नळीतून, गळ्यात गळे घालून गेलेल्या होत्या. त्या वेगळ्या केल्या, स्पिंडलला जाळीचे आवरण असलेली केबल घातली, सीमास्विचांच्या तारांच्या आवरणाला एकाच टोकाला अर्थ दिला, आणि तो खोटा संदेश पुन्हा आला नाही. यासाठी कोणताही आकडा बदलावा लागला नाही.

घसरण्याची शंका असेल, तर घरातलीच एक वस्तू कामी येते. मोटरचा दांडा आणि कपलिंग यांवरून नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढावी. दिवसभराच्या कामानंतर रेघ तुटलेली दिसली, तर कपलिंगचा स्क्रू सैल आहे. काम पुढे जाता जाता खाच खोलच होत गेली, तर झेड अक्षाला दोष देण्यापूर्वी कोलेट पाहावे. वळणदार धारेचे बिट लाकडाचा चुरा वर ओढते, आणि त्याच ओढीने झिजलेल्या कोलेटमधून स्वतः खाली सरकते. कोलेट ही झिजणारी वस्तू आहे. जुन्या यंत्राबरोबर आलेले कोलेट फेकून नवे घ्यावे, हा खर्च वाचविण्यासारखा नाही.

वीज जाणे हा आपल्याकडचा नित्याचा प्रसंग. वीज जाताच यंत्र आपली जागा विसरते; शिवाय बॉल स्क्रूचा झेड अक्ष स्पिंडलच्या वजनाने आपोआप खाली उतरू शकतो आणि बिट कामात रुतते. म्हणून प्रत्येक कामाचे आरंभबिंदू फळीवर टोचून ठेवावे, म्हणजे वीज आल्यावर पुन्हा तेथूनच जुळवता येते. काम चालू असता यंत्राला एकटे सोडून जाऊ नये. बोथट बिट एका जागी घासत राहिले तर लाकूड धुमसते, आणि ती ठिणगी धूळ ओढणाऱ्या पंपाच्या पिशवीत जाऊन बसली, तर रात्री सगळे झोपल्यावर पेट घेऊ शकते. पिशवी रोज संध्याकाळी अंगणात रिकामी करावी.

वेगाविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. नवखा माणूस भीतीपोटी यंत्र अगदी हळू सरकवितो. त्याने लाकूड करपते आणि बिट लवकर मरते, कारण धार लाकूड कापण्याऐवजी नुसती घासते. १८,००० फेऱ्यांवर दोन धारांचे बिट मिनिटास ३,००० मिलिमीटर सरकविले, तर प्रत्येक धार सुमारे ०.०८ मिलिमीटरचा कण काढते, आणि प्लायवूडच्या बऱ्याच कामाला हे मान ठीक पडते. सागवानाचा चुरा बोटांत धरून पाहावा; पीठ हाताला लागले तर वेग वाढवावा किंवा फेरे कमी करावेत, बारीक सालपटे लागली तर आहे तो वेग ठेवावा. एम.डी.एफ.ला ही परीक्षा लागू नाही, त्याचे पीठच होते.

मखरांचे काम धरायचे असेल, तर यंत्र गणपतीच्या निदान चार महिने आधी घरात आलेले असावे. पहिला महिना केवळ तपासणीला द्यावा आणि दुसरा रद्दी प्लायवूडवर नमुने काढण्याला. एक मखर पूर्ण कापून, जोडून, सुटे करून पुन्हा जोडून पाहावे, आणि ते नातलगांपैकी कोणाच्या तरी घरी मूर्तीसह उभे राहील इतके पक्के झाल्यावरच पहिल्या ऑर्डरीची आगाऊ रक्कम घ्यावी.